डावी काच

आप्पांच्या दुकानात चष्मा घालून गेलेल्या माणसाला चष्मा घालून बसता येत नसे. तुम्ही खुर्चीत टेकता न टेकता तोच आप्पा पुढे वाकत, झोपलेल्या बाळाची टोपी काढावी तसा तुमचा जुना चष्मा दोन्ही हातांनी अलगद काढून घेत आणि ट्यूबलाइटखाली तिरका धरून बघत राहत. ते काय बघतायत हे तुम्हाला दिसायची सोय नव्हती, कारण तुमचा चष्मा त्यांच्या हातात. आपण आपलं धूसर भिंतीकडे बघत बसायचं. बऱ्याच वेळाने प्रश्न यायचा, "दिसभर काय बघता तुमी?"

नंबर किती, फ्रेम कुठली, घाई आहे का, हे सगळं नंतर. आधी जुन्या काचेवरचे ओरखडे आणि मग हा प्रश्न. नव्या काचेवर कुठलं कोटिंग घालायचं ते यावर ठरायचं, आणि ते आप्पा ठरवायचे. गिऱ्हाइकाने काही ठरवून आणलं असेल तर ते पायरीवर चपलांशेजारी काढून ठेवून आत यावं, अशी एकूण पद्धत होती.

माझा फोटो स्टुडिओ त्यांच्या दुकानाला लागून. अंबाजोगाईत देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या दोघांच्या मध्ये एक भिंत होती आणि विजेचा एक मीटर होता. इतक्या वर्षांत भिंतीवरून कधी वाद झाला नाही, मीटरवरून मात्र पुष्कळ झाला. पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ती पाटी वाचलेला माणूस मला भेटलेला नाही. बाजारात ते आप्पा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा पायजमा, वर तसलाच सदरा आणि नाकावर जाड काळ्या फ्रेमचा, किंचित करड्या काचांचा चष्मा. बोलताना मान जराशी वळवून, कोंबडी दाण्याकडे बघते तसं बघायचे. मला ती धंद्याची सवय वाटे. शिंपी आपल्या खांद्यांकडे बघतो, न्हावी डोक्याकडे बघतो, तसे हे काचेकडे बघतात असं मी धरून चाललो होतो.

मी पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून गेलो तेव्हा त्यांनी माझी उजवी काच माझ्यापुढे धरली. तिच्यावर मधोमध एक गोल घासलेला डाग होता. म्हणाले, क्यामेरा चष्म्यासकट डोळ्याला दाबता तुमी, आणि रात्री चष्मा पालथा ठेवता. पहिलं ओळखणं सोपं होतं, शेजारीच दुकान. पण पालथं ठेवायचं त्यांना कसं कळलं ते मला आजतागायत नीट समजलेलं नाही. एकदा एका शाळेतल्या बाईंना त्यांनी सांगितलं की तुम्ही काच पदराने पुसता आणि पदराला खडू असतो. बाई इतक्या ओशाळल्या की पदर कमरेला खोचूनच बाहेर पडल्या.

तुम्हीही चष्म्याच्या दुकानात गेला असाल, तर हल्ली काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून हार्ड कोट, चकाकी जावी म्हणून अँटिग्लेअर, मोबाइलचा निळा उजेड अडवायला ब्लू कट, पाणी ठरू नये म्हणून आणखी एक. हॉटेलात सगळं घालून मसाला डोसा मागवावा तसे लोक सगळं घालून काच मागवतात. आप्पांकडे हे चालत नसे.

मेडिकल कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवणाऱ्या एक मावशी आल्या. मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला, त्याने फोनवर बजावलं होतं की आई, सगळ्यात भारी कोटिंग घाल. मावशींनी तसं ठणकावून सांगितलं. आप्पांनी त्यांची जुनी काच बघितली, वास घेतला, हो, वासही घेतला, आणि विचारलं, दिवसभर काय बघता? मावशी म्हणाल्या, तवा बघते, दुसरं काय बघणार. आप्पा म्हणाले, "मग ती भारी कोटिंग तुमाला न्हाई. तव्याच्या धगीनं ती पापडावानी तडकती. साधा हार्ड कोट घ्या आन खुशाल भाकरी करा."

मावशींना वाटलं, आपली ऐपत काढली. त्या रागावून समोरच्या दुकानात गेल्या आणि सगळ्यात भारी कोटिंग घालून आल्या. उन्हाळा संपायच्या आत काचेवर वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा. मग एका दुपारी आमच्या दोघांसाठी दोन डबे घेऊन आल्या आणि काही न बोलता खुर्चीत बसल्या. आप्पांनीही काही न बोलता चष्मा काढून घेतला. त्या दिवसापासून मावशी त्यांच्या कायमच्या झाल्या आणि डब्यातलं पिठलं माझ्याही वाट्याला येऊ लागलं.

दुसरे एक युसूफ वडगाव या गावाकडचे पुढारी. दिवसभर काय बघता म्हटल्यावर छाती पुढे काढून म्हणाले, माणसं बघतो. आप्पा खूश. म्हणाले, मग तुम्हाला अँटिग्लेअर पाहिजेच. आणि त्यांनी आपला लाडका सिद्धांत सांगितला, जो मी भिंतीपलीकडून शेकडो वेळा ऐकलेला आहे. "ही कोटिंग घालणाऱ्यासाठी नसती. समोरच्यासाठी असती. समोरच्याला तुमचे डोळे दिसले पायजेत, तवा त्याला पटतं का तुमी त्याच्याकडंच बघताय." पुढाऱ्यांना हे फार आवडलं. महिन्याभरात मात्र परत आले. आप्पांच्या कानाशी लागून म्हणाले, जुनी काच आहे का हो शिल्लक? समोरचा गाऱ्हाणं सांगत असताना मी घड्याळाकडे बघतो ते आता लोकांना कळायला लागलंय.

कंपन्यांचे तरुण विक्रेते येत. एक पोरगा निळ्या उजेडाची छोटी बॅटरी आणि एक कागद घेऊन आला. साध्या काचेतून निळा ठिपका कागदावर पडला, ब्लू कटमधून पडला नाही. पोराने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. आप्पांनी दोनदा करून बघायला लावलं, मान हलवली आणि म्हणाले, "इमानानं अडवती. पण पोरा, अंबाजोगाईत दिसभर निळ्या बॅटरीकडं कोण बघतं ते सांग, त्याला देतो." पोरगा बराच वेळ विचार करत होता.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल की माझ्या मनात कुठला प्रश्न होता. सगळ्या गावाला अँटिग्लेअरचा उपदेश करणाऱ्या आप्पांच्या स्वतःच्या काचा साध्या होत्या. कोटिंग शून्य, वर तो करडा रंग. शिवाय खुर्ची अशी मांडलेली की रस्त्यावरचा सगळा उजेड त्यांच्या चष्म्यावर येऊन पडे आणि काचांत दोन पांढरी दारं दिसत. बाजार म्हणे, आप्पा चिकट. मीही त्यांना छेडायचो. त्यांचं उत्तर ठरलेलं, "माझ्याकडं कोण बघतंय? गिऱ्हाईक काचंकडं बघतंय."

व्यापारी मंडळाच्या ओळखपत्रासाठी त्यांचा फोटो काढायचा होता तेव्हा मी अक्षरशः घामाघूम झालो. मी दिवा उजवीकडे नेला की ते मान डावीकडे नेत. दिव्याची छत्री वर केली की हनुवटी वर करत. प्रत्येक फोटोत डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. चष्मा काढा म्हणालो तर म्हणाले, "चष्मेवाल्याचा फोटो बिनचष्म्याचा? लोक काय म्हनतील." शेवटी मी कंटाळून माझ्याच एका फोटोतले डोळे कापले आणि कॉम्प्युटरवर आप्पांच्या चष्म्यामागे बसवले. झकास बसले. आप्पांनी तो फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. म्हणाले, "ब्येस झालेत. असेच असू द्या." मला वाटलं, माझ्या कामाचं कौतुक आहे. घरी माझ्या बायकोने मात्र ते ओळखपत्र बघून विचारलं, आप्पा माझ्याकडे असे का बघतायत? ही नजर मी कुठेतरी पाहिलेली आहे.

वर्षानुवर्षं प्रकाशाचा धंदा करणारा मी, आणि हा माणूस तोच प्रकाश ढालीसारखा धरून माझ्यासमोर बसलाय हे मला कळलं नाही. मी माझ्या डोळ्यांना बोल लावणार नाही, डोळे चांगले होते. मीच लक्ष दिलं नाही.

आप्पांना एकच लेक. तिला तलवाड्याला दिलेली. घर मोठं, शेती भरपूर, माणसं चांगली, आणि सगळ्या घरावर सासूबाईंचा शब्द. लेकीची मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा ती तिला घेऊन इथे आली. पोरीचा डावा डोळा नाकाकडे वळत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की चष्मा लावा, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, एक दिवस चुकवू नका.

चष्मा अर्थातच आजोबांनी करायचा. पोरगी खुर्चीत बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते आणि मान खाली. मी भिंतीला टेकून उभा होतो. आप्पांनी आपल्या नेहमीच्या गंभीर सुरात विचारलं, "दिसभर काय बघतीस तू?"

पोरगी म्हणाली, "चपला."

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. ते उठून आत गेले आणि काचांच्या पाकिटांत उगाच काहीतरी शोधत राहिले. मग त्या चिमुकल्या चष्म्यावर त्यांनी होती नव्हती ती सगळी कोटिंगं घातली, ज्यांना त्यांनी आयुष्यभर नाक मुरडलं ती सुद्धा. मी म्हणालो, आप्पा, हिच्याकडे निळी बॅटरी आहे का? तर म्हणाले, गप बसा तुमी.

तीन महिन्यांनी लेक पोरीला घेऊन पुन्हा आली. आप्पांनी नातीच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि ट्यूबलाइटखाली धरला. इकडून धरला, तिकडून धरला. दुकानात मावशी बसल्या होत्या, मी होतो. आप्पांचा चेहरा उतरत गेला. पाच वर्षांच्या पोरीचा तीन महिने वापरलेला चष्मा, आणि त्याच्यावर एकही ओरखडा नाही. तुमच्या घरात लहान मूल असेल तर याचा अर्थ तुम्हालाही कळेल. आप्पा लेकीला एवढंच म्हणाले, "या काचंनं अजून काय बघितलंच न्हाई गं."

लेकीला रडू फुटलं. मग सगळं बाहेर आलं. सासूबाईंच्या मते असा डोळा भाग्याचा असतो. तिरळ्या पोरीच्या पायगुणाने घरात लक्ष्मी येते, त्याला कशाला औषध? आणि चष्मा तर इतका महागाचा. तो त्यांनी स्टीलच्या डब्यात, नातीच्या चांदीच्या वाळ्यांसोबत, कापसात गुंडाळून जपून ठेवला होता. लग्नकार्य असलं की वाळे निघत आणि चष्मा निघे. आज अंबाजोगाईला यायचं म्हणूनही तसाच निघाला होता. त्यात दुष्टावा कणभर नव्हता हो. त्या बाईने नातीचा दागिना जपावा तसा जपला होता.

त्या दुपारी आप्पांनी दुकान अर्धं ओढून घेतलं. असं कधी झालं नव्हतं. माझ्याकडे स्टुडिओत आले, समोरच्या स्टुलावर बसले आणि आपला स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "वाचा."

मी तो त्यांच्यासारखाच दिव्याखाली तिरका धरला. उजवी काच ओरखड्यांनी भरलेली. भिंगाची कड, गिऱ्हाइकांच्या फ्रेमच्या दांड्या, हत्यारांची टोकं, सगळ्यांच्या खुणा तिच्यावर. डावी काच बघितली तर स्वच्छ. कालच बसवल्यासारखी.

मी मान वर केली आणि आप्पांचा चेहरा पहिल्यांदा बिनचष्म्याचा बघितला. उजवा डोळा माझ्याकडे होता. डावा नाकाकडे.

आप्पा सांगू लागले तसं एकेक उलगडत गेलं. त्यांची आईही म्हणायची की पोर नशीबवान आहे. गावात कुणाचं शुभकार्य असलं की तिरळ्या पोराला आधी बोलवायचे, हातावर गूळ ठेवायचे. चष्म्याचं नाव कुणी काढलं नाही. वळलेल्या डोळ्याने दोन-दोन दिसतं, म्हणून मेंदू त्या डोळ्याचं बघणंच बंद करतो, आणि लहानपणी शिकायचं राहिलं की तो डोळा मग शिकत नाही. हे त्यांना फार उशिरा, या धंद्यात पडल्यावर समजलं. तोवर डावीकडे नुसता उजेड आणि अंधार उरला होता. उजव्या डोळ्यावर त्यांनी हजारो चष्मे केले. मी विचारलं, कधी सांगितलं का नाहीत?

"एका डोळ्याच्या मानसाकडं चष्मा करायला कोण येईल?" आप्पा म्हणाले. "डोळा तिरळा हाय येवढं घरात ठावं, पन दिसत न्हाई हे लेकीला सुदिक ठावं न्हाई. डावी काच नुसती सोबतीला हाय."

 मी माणूस तसाही बोलण्यात कच्चा, म्हणून तर फोटो काढतो. पण हातात चष्मा होता आणि समोर गिऱ्हाईक बसलेलं, म्हणून मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. म्हणालो, आप्पा, दिवसभर काय बघता तुम्ही?

आप्पांनी चष्मा माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाले, "आता माझं बघायचं ऱ्हाऊ द्या. नातीनं मला बघितलं पायजे." आणि तिथेच, माझ्या बिलबुकाच्या मागच्या पानावर, त्यांनी स्वतःच्या नव्या काचांची ऑर्डर लिहिली. पांढरी काच, रंग नाही. हार्ड कोट. आणि त्याच्याखाली, दोन रेघा मारून, अँटिग्लेअर.

काचा आठ दिवसांत आल्या. आप्पा नवा चष्मा घालून दुकानात बसले तेव्हा मी त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलो होतो. सकाळपासून माझं एकही काम धड झालं नाही, एका वराच्या फोटोला वधूचं नाव लागलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून नेमक्या मावशी आल्या. त्यांनी डबा ठेवला, आप्पांकडे बघितलं, पुन्हा नीट बघितलं. मी माझ्या पायरीवरून डोकावून बघत होतो. मावशी म्हणाल्या, "आप्पा, डोळे तर लई मायाळू हायेत तुमचे. कावून झाकून ठेवलते इतकी वर्सं?"

आप्पा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण नंतर डब्यातलं सगळं पिठलं त्यांनी एकट्यानेच संपवलं, मला विचारलंसुद्धा नाही. गिऱ्हाईक काही कमी झालं नाही. बाजार चार दिवस बोलला आणि पाचव्या दिवशी बाजाराला दुसरा विषय मिळाला.

पुढच्या रविवारी आम्ही माझ्या गाडीतून तलवाड्याला गेलो. वाटेत आप्पा दर दहा मिनिटांनी चष्मा पुसत होते. पोचलो तर ओसरीवर कापसाचा ढीग आणि शेजारी चहाची तयारी. विहीणबाई धिप्पाड, करारी, पण अगत्याच्या. घरातली सगळी माणसं जमली. त्यांच्या पाहुण्याचा डोळा सगळ्यांना दिसला होता आणि सगळे तो दिसला नाही असं दाखवत होते. पोरगी दाराआड उभी होती, चपलांकडे बघत.

चहा झाल्यावर आप्पा म्हणाले, विहीणबाई, एक गंमत करू. त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला. "आता तुमी बोटं दाखवा. मी वळखतो."

विहीणबाईंना ती थट्टा वाटली. त्यांनी चार बोटं दाखवली. आप्पा म्हणाले, दोन. सगळे हसले. पुन्हा दाखवा, आप्पा म्हणाले. आता विहीणबाईंच्या हातात नुसती बशी होती. आप्पा थोडं पुढे वाकले, प्रयत्न केला, आणि म्हणाले, तीन? तेव्हा कुणी हसलं नाही. लेकीने तोंडाला पदर लावला.

आप्पांनी हात खाली घेतला. आवाज चढवला नाही. "माझी आई बी हेच म्हनलती, विहीणबाई. नशीबवान हाय. तिचं काय खोटं ठरलं न्हाई, माझी लेक तुमच्या घरात पडली, आनखी काय नशीब पायजे? पन तुमच्या हातातली बशी मला दिसंना. हा डोळा आंधळा नव्हता. त्याला कुनी शिकवलंच न्हाई. पोरीचा अजून शिकंल. दोन-तीन वर्सं हायेत हातात, मग देवानं म्हनलं तरी न्हाई."

 मी कापसाच्या ढिगाकडे बघत बसलो, कारण माणसांकडे बघवेना. आणि मग दाराआडून ती पोरगी आली. हळूहळू आप्पांच्या गुडघ्यापाशी आली, मान वर केली आणि चष्म्याच्या काचेतून आत, अगदी जवळून बघितलं. त्या काचेत आता पांढरं दार नव्हतं.

"आप्पा, तुमचा पन?"

"माझा पन."

पोरीचा चेहरा असा उजळला, जसं नव्या शाळेत कुणीतरी आपल्या गावचं भेटावं. विहीणबाई उठल्या. आत गेल्या, डबा उघडल्याचा आवाज आला, वाळे वाजले. चष्मा घेऊन बाहेर आल्या आणि नातीच्या नाकावर स्वतःच्या हाताने चढवला. बाई करारी होत्या, डोळ्यांत पाणी आलं तरी सवाल टाकल्याशिवाय राहवलं नाही. म्हणाल्या, "आन तुटला तर?"

"तुटू द्या की," आप्पा म्हणाले. "आजा कशाला हाय मग?"

सहा महिन्यांनी पोरगी पुन्हा आली ती दुकानात पळतच. आप्पांनी चष्मा काढून दिव्याखाली धरला आणि मला भिंतीवर धपाधपा हात मारून बोलावलं. मी गेलो तर हा माणूस हरखलेला. काचांची अक्षरशः चाळण झाली होती. ते मला एकेक ओरखडा दाखवत होते. ही घसरगुंडी. ही मातीत पडली. हे शेळीनं चाटलंय आणि हिनं फ्रॉकाला पुसलंय. यावेळी त्यांना प्रश्न विचारावा लागला नाही. पोरगी आपणहून दिवसभर काय काय बघते ते सांगत सुटली होती आणि त्यात चपला कुठेच नव्हत्या.

त्याच दिवशी दोघं माझ्याकडे फोटोला आले. मी सवयीने दिव्यांची झटापट करायला गेलो तर आप्पा सरळ समोर बसले, मान इकडे नाही की तिकडे नाही. म्हणाले, "आता तुमचे डोळे बसवू नका. मी माझे आनलेत." पोरगी त्यांच्या उजव्या हाताला खांद्यावर हात टाकून उभी. फोटो असा आला की आप्पांचा उजवा डोळा क्यामेऱ्याकडे बघतोय आणि डावा, नाकाच्या पलीकडे, नातीकडे. ठरवून सांगितलं असतं तर तसा आला नसता.

गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, आप्पा झोपेतच गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मीटरवरून भांडायला कुणी नाही, बिल अर्ध्या-अर्ध्यात मुकाट भरलं जातं, आणि मला त्याचा फार राग येतो.

लेक नातीला घेऊन माझ्याकडे आली. भिंतीवर लावायला आप्पांचा फोटो पाहिजे होता. माझ्याकडे त्यांचे फोटो ढीगभर, पण डोळे असलेला तो एकच. त्यात शेजारी नात. जिवंत माणसाच्या फोटोला कुणी हार घालत नाही, म्हणून पोरीला त्यातून कापून काढावं लागणार होतं. मी फोटो कॉम्प्युटरवर उघडला, नात बाजूला केली, आणि हाताला इतक्या वर्षांची खोड, तो आप्पांच्या डाव्या डोळ्यावर गेला. मी विचारलं, डोळा जरा सरळ करू का? एका मिनिटाचं काम आहे.

लेक काही बोलायच्या आत पोरगी बोलली. ती आता नऊ वर्षांची. डोळा जवळजवळ सरळ झालेला, चष्मा अजून आहे. म्हणाली, "न्हाई काका. तो आप्पांचा हाय."

मी डोळ्याला हात लावला नाही. पण फोटो कापून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आता तो डावा डोळा रिकाम्या जागेकडे बघतोय. मला फार वाईट वाटलं. कुणाला बोललो नाही, तसाच मढवून दिला.

दिवाळीच्या सुट्टीत लेक नातीला घेऊन माहेरी आली होती, तेव्हा मी आप्पांच्या घरी गेलो. फोटो समोरच्या खोलीत भिंतीवर होता. खाली, एका बाजूला, भिंतीला टेकून पोरगी वही घेऊन बसली होती. मी आमच्या धंद्याप्रमाणे आधी उजेड बघितला. म्हणालो, बाळा, तिकडे खिडकीपाशी बस, इथे कोपऱ्यात अंधार आहे, डोळ्यांना त्रास होईल.

तिने लिहिता लिहिता, मान वर न करता सांगितलं, "इथं बसलं का आप्पांचा डावा डोळा माझ्याकडं असतो, काका."

मग मी उठून खिडकीचं मिटलेलं दार उघडलं, म्हणजे उजेड तिच्या वहीपर्यंत आला.